चौथ्या आणि पाचव्या गाण्याच्या मध्ये

आधीच सांगते, मी असल्या गोष्टी मानणारी बाई नाही. आमच्या दुकानाला लिंबू-मिरची नाही, आणि अमावस्येला मी बिनधास्त माल मागवते. या सदरातले अनुभव मी दुपारी गिऱ्हाईक नसताना वाचते आणि बहुतेकांचं उत्तर मनातल्या मनात लिहून टाकते — वायरिंग, उंदीर, नाहीतर रक्तदाबाची चुकलेली गोळी. माझ्या बाबतीत जे झालं त्याचंही असंच उत्तर काढायचा मी सात महिने प्रयत्न केला. निघालं नाही. आणि हा अनुभव भीतीचा नाही, लाजेचा आहे... म्हणून लिहायला इतका वेळ लागला.

माझं नाव सुषमा, वय एक्कावन्न. आदिलाबादला बसस्टँडपासून पाच मिनिटांवर आमचं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे, झेरॉक्सही आहे. बाबा गेल्यापासून मीच चालवते. मागच्या गल्लीत घर. खाली भाडेकरू, वर आई आणि मी. दोन वर्षांपूर्वीपर्यंत विनयही होता. माझा धाकटा भाऊ, बारा वर्षांनी लहान. आम्हा दोघांचीही लग्नं झाली नाहीत, त्याची कारणं इथे नकोत.

विनयचा साऊंडचा धंदा होता. लग्नं, सभा, गणपती — बॉक्स आणि माईक भाड्यानं द्यायचा. पण जीव गिटारमध्ये. इंजिनिअरिंग अर्धवट सोडून आला तेव्हा बॅगेत कपडे कमी आणि गाण्यांच्या सीड्या जास्त होत्या. आणि त्या गाण्यांतही त्याची एक तऱ्हा होती. त्याला स्टुडिओतली, नीट केलेली गाणी नको असायची. परदेशातल्या रॉक बँडचे कार्यक्रम कुणीतरी प्रेक्षकांत बसून, खिशात रेकॉर्डर लपवून टिपलेले — असली रेकॉर्डिंग तो शोधून शोधून जमवायचा. त्यात गाणं सुरू व्हायच्या आधी पाच-पाच मिनिटं नुसती खुडबुड. कुणी खोकतंय, कुणी मित्राला हाक मारतंय, गायक कडवं विसरतो, प्रेक्षक आठवण करून देतात. तो हेडफोनचा एक कान माझ्या कानाला लावायचा.

"ऐक ताई, आता तार तुटन त्याची... तुटली. पाह्य, थांबला नाही. पाच तारांवर वाजवून राह्यला."

"मग यात काय ऐकायचं? नीट वाजवलेलं ऐक ना."

"नीट वाजवलेलं म्हंजे पाहुणे आल्यावरचं घर, ताई. चादर बदललेली, पसारा कपाटात कोंबलेला. हे म्हंजे पाहुणे याच्या पयलेचं घर हाय."

मला पाहुणे यायच्या आधीचं घर कुणाला दाखवायची लाजच वाटते. मी तसं म्हटलं, आणि तो हसला. "म्हणून तं तुले गाणं समजत नाही," म्हणाला.

नऊ वर्षांपूर्वी त्यानं स्वतःच्या बँडचा कार्यक्रम केला. बँड म्हणजे तीन माणसं — तो गिटार आणि गाणं, रफीक ड्रमवर, आणि बेस गिटार वाजवणारा एक तेलुगू मुलगा, जो नंतर हैदराबादला गेला. मे महिना होता. कापसाचा हंगाम संपला की इथली जिनिंगची गोदामं रिकामी पडतात. ओळखीच्या एका मालकानं आपलं गोदाम एका संध्याकाळपुरतं दिलं. तयारी माझ्याकडे. यादी केली, तशी पार पाडली. साठ खुर्च्या, दोन कूलर, पाण्याचे चार जार, पंचवीस पोस्टर. गिटारच्या जादा तारांचं पाकीटसुद्धा माझ्या पिशवीत, कारण विनयकडे ठेवलं तर हरवलं असतं. मी दोन शाळांच्या शिक्षकांना बोलावलं होतं, दुकानाची कायमची गिऱ्हाइकं म्हणून.

संध्याकाळी पाचला एकोणीस माणसं आली. मी मोजली होती.

विनयनं आपला छोटा रेकॉर्डर पहिल्या रांगेत माझ्या शेजारच्या खुर्चीवर ठेवला. "इथून जसं ऐकू येते तसंच पायजे," म्हणाला. मग सुरू झालं. सात गाणी होती, त्यांतली चार त्यानं स्वतः मराठीत लिहिलेली. पत्र्याखाली आवाज असा घुमत होता की शब्द कळत नव्हते. मागे चार-पाच कॉलेजची पोरं हसत होती. तिसऱ्या गाण्याला एक शिक्षिका पदर तोंडाला लावून बाजूच्या बाईला कोपरानं ढोसताना मला दिसली. चौथं संपता संपता विनयची तार तुटली. उरलेल्या तारा त्यानं थोडा वेळ जुळवून पाहिल्या, मग खाली उतरून माझ्यासमोर उकिडवा बसला आणि पाकीट मागायला हात पुढे केला.

मी पाकीट दिलं आणि जे बोलले, ते इथे लिहिते. आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

"विनय, बस कर आता. लोक हसून राह्यले. मला या गावात दुकान चालवायचं आहे. तुला जमत नाही, हे सगळ्यांना दिसते, तुला एकट्यालाच दिसत नाही."

तो पाकीट हातात घेऊन तसाच बसून राहिला. मी पिशवी उचलली आणि निघून आले. पुढचं मी काही पाहिलं नाही, ऐकलं नाही.

रात्री जेवताना आईनं विचारलं, कसं झालं. "चांगलं झालं," तो म्हणाला, "मधात तार तुटली फक्त." पुन्हा त्यानं कार्यक्रम केला नाही. पुढची सात वर्षं दुसऱ्यांच्या माईकवर हॅलो-चेक, हॅलो-चेक म्हणत राहिला. ते माझ्यामुळे का, हे मला माहीत नाही. त्यालाही मी विचारलं नाही, आणि विचारायला सात वर्षं कमी नव्हती.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात ब्रेन हॅमरेजनं तो गेला. तीन दिवसांत.

तेरवी झाल्यावर मी त्याच्या वस्तूंची यादी केली. ठेवायच्या, द्यायच्या, टाकायच्या. त्यात तो रेकॉर्डर निघाला, आणि कार्डात त्या संध्याकाळची एकच फाईल — एक तास चौतीस मिनिटं. आई त्या कार्यक्रमाला आली नव्हती, तिचे गुडघे तेव्हापासूनच दुखायचे. ती म्हणाली, "मले ऐकाचं हाय त्याचं. भरून दे कशात तरी."

लहानपणी मामाच्या गावी कापूस घरी आला की बाजारात न्यायच्या आधी कवडी वेचायचं काम माझ्याकडे असायचं. कवडी म्हणजे किडकी, डागाळलेली बोंडं. माझा हात त्यात चांगला होता, मामी माझ्या ढिगाकडे बोट दाखवून बाकीच्या पोरींना टोमणे मारायची. मी या रेकॉर्डिंगचं तेच केलं. आमच्या झेरॉक्सच्या कॉम्प्युटरवर कापाकापीचं एक फुकटचं सॉफ्टवेअर घेतलं आणि दोन दुपारींत सगळी खुडबुड काढून टाकली. ट्यूनिंग, खोकला, खुर्च्यांचे आवाज, पोरांचं हसणं. प्रत्येक तुकडा किती मिनिटांचा, ते वहीत लिहिलं. चौथ्या आणि पाचव्या गाण्यामधला तुकडा अकरा मिनिटांचा होता. तो मी ऐकला नाही. तार तुटल्याचा आवाज आला, पुढे माझा आवाज येणार हे माहीत होतं, म्हणून तिथून थेट पाचव्या गाण्यापर्यंत निवडला आणि उडवला. राहिली सात गाणी, एक्केचाळीस मिनिटं. दोन गाण्यांच्या मध्ये दोन सेकंद शांतता.

मग कार्ड फॉरमॅट करून दुकानाच्या कॅमेऱ्यात टाकलं. कॅमेऱ्याला कार्ड लागतच होतं, असं मी स्वतःला सांगितलं. नवं कार्ड आमच्याच दुकानात विकायला होतं.

आईला पेनड्राईव्ह लावायचा, बॅटरीवर चालणारा एक छोटा स्पीकर आणून दिला. एक बटण दाबलं की सुरू. रफीकलाही फाईल पाठवली. त्याचं इथेच वेल्डिंगचं दुकान आहे. दुसऱ्या दिवशी तो हातातलं काम टाकून माझ्याकडे आला.

"दीदी, ये आप साफ करे क्या?"

"हो. छान ऐकू येतंय ना आता?"

"गाने तो सुनाई दे रहे. पर इसमें विनय कां है?" तो काउंटरला टेकून उभा राहिला. "वो क्या बोलता था, बीच में जो होता वोइच असली माल। आपके पास पूरा वाला होगा ना? वो देओ."

मी म्हटलं, कार्ड खराब झालं, जेवढं निघालं तेवढं हेच. तो "चलो, नसीब," म्हणून गेला.

आई रोज दुपारी जेवून झालं की स्पीकर लावायची. मी डबा दुकानात नेते, रात्री नऊलाच घरी येते, त्यामुळे मी तिथे कधी नसायची. एवढं बरं वाटायचं की तिचा वेळ जातोय. खालच्या भाडेकरू सुमनवहिनी एकदा म्हणाल्या, "तुमच्या आईचा प्रोग्राम मस्त चालते हो. दीड-दीड तास. मधात टाळ्या बी वाजवतात त्या." मी म्हटलं, दोनदा लावत असेल.

आता मुख्य गोष्ट. या जानेवारीतला मंगळवार. दुपारी तीनला लाईट गेली, झेरॉक्स बंद पडलं, म्हणून शटर अर्धं ओढून मी घरी आले. सव्वातीन झाले होते. हे मुद्दाम सांगते, कारण लाईट नव्हती म्हणजे खाली टीव्ही नव्हता, शेजारी मिक्सर नव्हता, गल्ली शांत होती. जिन्याच्या चौथ्या-पाचव्या पायरीवर मला गिटार जुळवतानाचा आवाज आला. एकच तार... वर, खाली, पुन्हा वर. मग खोकला. विनयचा खोकला, तो घसा साफ करताना दोनदा खोकायचा.

मी जिन्यातच थांबले. ड्रमवर काठीची हलकी टकटक, मागे कुणीतरी हसलं, खुर्ची सरकली. आणि मग अगदी जवळून, गाण्यापेक्षाही मोठ्यानं, माझा आवाज आला. 'विनय, बस कर आता.' सगळं वाक्य. शेवटपर्यंत.

स्वतःचा आवाज रेकॉर्डिंगवर कुणालाच आवडत नाही म्हणतात. हा न आवडण्याचा प्रकार नव्हता. मला वाटलं, असं कुणी माझ्याशी बोललं असतं तर मी त्या माणसाच्या घरी पाणी प्यायले नसते.

मग चपलांचा आवाज. माझ्याच. लांब लांब जाणारा, आणि शेवटी गोदामाचं पत्र्याचं दार. त्यानंतर बराच वेळ काही नाही, फक्त कूलरची घरघर. मग विनय माईकवर बोलला. नऊ वर्षांत मी पहिल्यांदा ऐकत होते.

"आमची ताई हाय ते. दुकान उघडाचं हाय तिले, म्हणून चालली. या खुर्च्या सकाळपासून तिनं लावल्या, पोस्टरं तिनंच चिकटवले, हे तार बी तिच्याच पिशवीतून निघाली. तिच्यासाठी वाजवा जरा."

टाळ्या झाल्या. थोडक्या माणसांच्या, पत्र्याखाली घुमणाऱ्या. कुणीतरी शिट्टी मारली. मागून एक पोरगा ओरडला, "अन् गाणं?" विनय म्हणाला, "होते, होते. पयले ट्यूनिंग तं होऊ दे."

मी वर गेले. आई पलंगावर पाय पसरून तुरीच्या शेंगा सोलत होती. स्पीकर उशीजवळ.

"आली का? बस. तुझंच चालू होतं."

"आई, हे कुठून लावलं?"

"कुठून म्हंजे? तूच तं भरून देलं."

"यात हे नाही. मी काढलं होतं हे."

"नाही काऊन? रोज तं ऐकतो मी. पयल्या दिवसापासून."

तिच्या आवाजात काही नव्हतं. शेंगा सोलायचं थांबलीही नाही. सोलता सोलता म्हणाली, "तू असं काऊन म्हटलं त्याले, सुषमे?"

मीच उलट विचारलं, इतके दिवस ऐकत होतीस तर बोलली का नाहीस.

"मले वाटलं, तूच सांगशीन. आता बाकीचं सारं नीट करून देणारी तू... हे तेवढं ठेवलं त्याच्यात, तं मले कळावं म्हणूनच ठेवलं असन." मग दाणे ताटात ओतत म्हणाली, "चांगलं केलं समजत होतो मी."

मी स्पीकरचा पेनड्राईव्ह उपसला आणि सरळ दुकानात आले. लाईट आली होती. कॉम्प्युटरला लावला. एकच फाईल. एक्केचाळीस मिनिटं, बारा सेकंद. चौथ्या आणि पाचव्या गाण्याच्या मध्ये दोन सेकंद सपाट रेघ. तीन वेळा ऐकली. पेनड्राईव्हमध्ये दुसरं काही लपलेलं आहे का हे बघायला कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडे नेला, त्यानं अर्धा तास घालवून काही नाही म्हणून सांगितलं. कॅमेऱ्यातलं कार्डही काढून नेलं. त्यावर दीड वर्ष रोज दुकानाचं चित्रण पुन्हा पुन्हा भरलं जात होतं, त्यातून जुनं काही निघणं शक्य नाही म्हणाला.

मग मी विचार केला, हे माझ्याच मनातून आलं असेल. माझं वाक्य मला पाठ आहे, ते डोक्यात वाजणं एकवेळ समजू शकते. पण विनय पुढे काय बोलला ते मला ठाऊक नव्हतं. ज्याला ठाऊक होतं, त्याला मी फोन लावला.

"रफीक, त्या दिवशी मी गोदामातून गेल्यावर विनय माईकवर काय बोलला होता, आठवते का?"

"हौ दीदी, याद है। आपको दुकान खोलना है बोल के बोला। कुर्सियां आप लगाए, तार भी आपके थैले में से निकला बोला। फिर ताली बजवाया ना आपके वास्ते." तो हसला. "एक सीटी भी मारा कोई. कैकू पूछ रहे?"

"मला हे कधी कुणी सांगितलं नाही."

"मैं समझा वोइच बोला होगा घर पे."

तेव्हा मी त्याला खरं सांगितलं. कार्ड खराब झालं नव्हतं, मी पुसलं, आणि का पुसलं. माझं वाक्यही सांगितलं, जसंच्या तसं. फोनवर मागे ग्राइंडर चालू होतं, ते बंद झालं.

"मेरे को बोलना था ना, दीदी," तो शेवटी म्हणाला. "आपकी बात निकाल के बाकी का मैं रख लेता."

तेव्हापासून रस्त्यात दिसला की सलाम करतो. मुलीच्या वह्या घ्यायला मात्र आता बायकोला पाठवतो.

तुम्ही विचाराल, पुन्हा ऐकलं का. नाही. मी पंधरा दिवस रोज दुपारी अडीचला घरी जाऊन आईजवळ बसले. वही आणि घड्याळ घेऊन. पंधराही दिवस एक्केचाळीस मिनिटंच. चौथं गाणं, दोन सेकंद, पाचवं गाणं. सोळाव्या दिवशी मी गेले तेव्हा आईनं स्पीकर हातात धरून ठेवला होता, लावला नव्हता.

"तू दुकानात जा, सुषमे."

"काऊन? मी बसते ना तुझ्याजवळ."

"तू असली की तो बोलत नाही." टोमणा मारल्यासारखं नाही म्हणाली. भाजीत मीठ कमी आहे, इतक्या साध्या आवाजात. "पंधरा दिवस झाले, त्याचं बोलणं नाही ऐकलं मी."

मी निघाले. संध्याकाळी सुमनवहिनींना जाताजाता विचारलं, आज आईचा प्रोग्राम किती वेळ चालला. "रोजच्यासारखा," त्या म्हणाल्या. "मधात दहा-पंधरा दिवस लवकरच आटपत होता. आज मस्त दीड तास."

याला काय म्हणायचं मला माहीत नाही. मी सगळ्या शक्यता एका पानावर लिहून एकेक खोडत आले, आता त्या पानावर खोडायला काही उरलं नाही. आई अगदी शुद्धीत आहे, हिशेबात मला चुका दाखवते. सुमनवहिनींना मी यातलं काही सांगितलेलं नाही. ज्यांना उत्तर सुचेल त्यांनी जरूर कळवावं, मी तपासून बघेन.

एक मात्र केलं. आईजवळ बसून सांगितलं, की ते वाक्य मी तुझ्यासाठी ठेवलं नव्हतं. पुसलं होतं. तिनं सगळं ऐकून घेतलं, आणि विचारलं, "मंग आज सांगितलं, तं आता तरी तुले ऐकू येईन का?"

दुसऱ्या दिवशी दोघी बसलो. तिनं बटण दाबलं. चौथं गाणं संपलं. आईचे हात टाळ्यांसाठी वर आले होते, आणि पाचवं गाणं सुरू झालं. तिनं हात खाली घेतले. माझ्याकडे बघितलं नाही.

मी चप्पल घातली आणि दुकानात आले.